आकलचा गोप्या

१

माझं काम दगड दाखवणं.

दादरला एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर आमची छोटीशी टूर कंपनी आहे. बाकीचे टूरवाले काश्मीर, केरळ, दुबई विकतात, आम्ही दगड विकतो. लोणारचं विवर, अंधेरीचा गिल्बर्ट हिल आणि वर्षातून दोनदा जैसलमेरजवळचं आकल, जिथे झाडांचे दगड झालेत. अठरा कोटी वर्षं जुनी झाडं वाळवंटात आडवी पडलीयत. वर पत्र्याचं छप्पर, भोवती लोखंडी जाळी. माणसं एवढ्या लांब जातात, जाळीतून बघतात आणि विचारतात, वॉशरूम कुठंय. ते सांगणं पण माझंच काम.

शास्त्र सांगायला यशोधन सर असतात. भूगर्भशास्त्राचे रिटायर्ड प्रोफेसर, शिवाजी पार्कचे, मैदानाला पाच फेऱ्या मारल्याशिवाय ज्यांचा दिवस उजाडत नाही त्यातले. ते सांगतात की झाड एकदम दगड होत नाही. ते गाळात पुरलं जातं, मग पाणी लाकडाचा एक कण घेऊन जातं आणि त्या जागी दगडाचा एक कण ठेवून जातं. साल तीच दिसते, रेषा त्याच, कड्यासुद्धा मोजता येतात. कोणीतरी हमखास विचारतं, याला किती वेळ लागतो. सर म्हणतात, शेजारी बसून कोणी बघितलेलं नाही.

मग मी माइक घेऊन सांगते की इथलं काहीही उचलायचं नाही, खडासुद्धा नाही.

फेब्रुवारीच्या टूरला माटुंग्याच्या एका काकांनी उचलला. मुंबईत उतरल्यावर, बॅगांची वाट बघताना, अभिमानाने मला दाखवला. दीड वीत लांब, तांबूस, दोन्ही टोकांना गुळगुळीत. मी काकांना गोड बोलून झापलं आणि तुकडा काढून घेतला. नोव्हेंबरच्या टूरला परत नेऊन ठेवायचा असं ठरवलं. सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, विसरू नकोस म्हणजे झालं.

मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते. विसरायचं म्हटलं तर मला वेगळे कष्ट पडत नाहीत.

२

आम्ही लालबागचे. आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हापासून एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. आई आणि मी एका खोलीत, माझा धाकटा भाऊ अवधूत आणि त्याची बायको प्रिती दुसऱ्या खोलीत. हॉलमध्ये शोकेस आहे. त्यात अवधूतच्या शाळेतल्या ट्रॉफ्या, आणि खाली माझे दगड.

लग्नानंतर नऊ वर्षांनी प्रितीला मुलगा झाला. त्या नऊ वर्षांत तिने किती सुया टोचून घेतल्या ते मी बघितलंय. मुलाचं नाव तिने चौथ्या वर्षीच ठरवलं होतं, हेरंब. त्या नावाचा छोटा फलक बनवून तिने कपाटात साड्यांखाली ठेवला होता. मला एकदा सापडला, मी तसाच परत ठेवला.

बारसं सव्वा महिन्याने, घरीच केलं. सगळं जमलं आणि ऐन वेळी आईच्या लक्षात आलं की गोप्या नाही. बारशाला आमच्याकडे वरवंट्याला कुंची घालून बाळासारखा सजवतात. बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहतात आणि त्या गोप्याला पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींकडे देतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. बाळ वरवंट्यासारखं घट्टमुट्ट व्हावं म्हणून. पण आमचा पाटा-वरवंटा चाळीच्या ढिगाऱ्यात गेला. एकोणिसाव्या मजल्यावर कोणाकडेच नव्हता. सगळ्यांकडे मिक्सर.

मी म्हटलं, माझ्याकडे आहे की, अगदी वरवंट्याच्या मापाचा.

सगळ्या हसल्या. मावशीने माझा गाल ओढला, म्हणाली एवढे दगड जमवलेस, एक तरी कामाला आला. प्रितीने फोटोसाठी एकाच कापडाच्या दोन कुंच्या शिवल्या होत्या, एक बाळाची, एक गोप्याची. मी आकलच्या दगडाला कुंची घातली, गळ्याशी फुलासारखी गाठ मारली. खरंच गोड दिसत होता. गोविंद-गोपाळ म्हणत फिरवून झाल्यावर कोणीतरी त्याला पाळण्यात बाळाशेजारी ठेवलं.

मग व्हिडिओवाला, फुलं, मच्छरदाणी, पंचवीस बायका आणि एक एसी. कोणीतरी ओरडलं, आत्या कुठंय. बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, तो मान आमचा. मी फोटोत बरी दिसावी म्हणून चष्मा काढून ठेवला होता. मच्छरदाणी बाजूला केली, वाकले, कुंचीला गाल लावला आणि सांगितलं, हेरंब. तीनदा. पाठीवर धपाधप धपाटे पडले, तोही मान आत्याचाच.

मान वर केली तर प्रिती बेडरूमच्या दारातून येत होती. कडेवर बाळ. त्याने शी केली होती म्हणून बदलायला नेलं होतं.

तिने हसत हसत बाळाला पाळण्यात ठेवलं आणि आतला गोप्या उचलून माझ्या हातात दिला. मी मोठ्याने सगळ्यांना नाव सांगितलं. टाळ्या झाल्या. पेढे वाटायला घेतले. म्हटलं, नंतर जाऊन हळूच त्याच्या कानात सांगू. सांगितलं की नाही, ते मला आठवत नाही.

३

त्याच आठवड्यात दीड महिन्याची लस होती. मी प्रितीबरोबर गेले. बाहेर दहा पोरं रडत होती. हेरंबच्या दोन्ही मांड्यांना सुया टोचल्या, त्याने सिस्टरकडे बघितलं, बस. सिस्टर म्हणाली, शूर आहे हो. मी म्हटलं, आत्यावर गेलाय, तिलाही उशिराच कळतं.

घरी प्रितीने गोप्याची कुंची काढली नव्हती. शोकेसमध्ये ट्रॉफ्यांच्या मध्ये त्याला उभा करून ठेवला होता, बारशाची आठवण म्हणून. मला म्हणाली, ताई, नोव्हेंबरला न्याल तेव्हा न्या, तोपर्यंत राहू दे.

एक दिवस शोकेस पुसताना दिसलं की काचेवर वाफ धरलीय. आतून. पेढ्याएवढा गोल, गोप्याच्या कुंचीसमोर. मी काच सरकवून पुसली. दुसऱ्या दिवशी परत होती, त्याच जागी, तेवढीच. मुंबईची हवा, एसी आणि मे महिना. शाळेत शिकवलंय सगळं. मी पुसत राहिले. पुसायला फडकं लागतं, शास्त्र नाही.

मात्र एका गोष्टीसाठी मला शाळेतलं काही सापडलं नाही. गाठ ताणली गेली होती. मी मारली तेव्हा दोन बोटं आत जात होती, आता करंगळीचं नख जाईना. कापड आटलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. न धुतलेलं कापड.

४

हेरंब रडत नव्हता. सुरुवातीला सगळ्यांना हे कौतुक होतं. शेजारच्या बायका विचारायच्या, घरात बाळ आहे की नाही. अवधूत म्हणायचा, नशीबवान आहोत, झोप मिळते.

तिसऱ्या महिन्यात कौतुक थांबलं. हाक मारली तर तो वळायचा नाही. हॉस्पिटलमध्ये कानाची तपासणी झाली, नॉर्मल. डोळे नॉर्मल. वजन उत्तम, डॉक्टर म्हणाले छान भरलाय. तो भरला होता खरा. प्रिती त्याला उचलताना आधी पाय रोवून उभी राहायची, पाण्याचा हंडा उचलतात तशी.

सकाळी त्याला बाल्कनीत कोवळ्या उन्हात ठेवायचे. संध्याकाळी दिवेलागणीला मी त्याला घ्यायचे तेव्हा एक बाजू अजून ऊन असायची. एसीत झोपला की दुपारपर्यंत गार. मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगणार काय? बाळ ऊन धरून ठेवतं?

एकदा प्रिती स्वयंपाकघरात शेंगा मोडता मोडता, वर न बघता म्हणाली,

"ताई, पाच आठवडे झाले, मी त्याची नखं कापली नाहीयेत."

"का?"

"वाढलीच नाहीत."

आणि परत शेंगा मोडायला लागली. ती रडली असती तर बरं झालं असतं. पण ती रडायची नाही, अवधूत बोलायचा नाही, घरात सगळं वेळेवर व्हायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या, सातची मालिका, रात्रीचं दार लावणं. जणू आम्ही सगळेच कोणाची तरी झोपमोड होऊ नये म्हणून हळू चालत होतो.

मलाही काही वाटेनासं झालं होतं. हे मी शब्दशः सांगतेय. उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली होती. कुंचीची गाठ मारली होती ती याच बोटांनी. एकदा पोळी उलटताना तव्याला बोट लागलं आणि मला वास आल्यावर कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बी-ट्वेल्व्ह कमी आहे, आणि या वयात होतं असं. या वयात सगळंच होतं, असं दिसतंय. मी गोळ्या घेतल्या.

एका दुपारी घरात मी एकटीच होते. हेरंब पाळण्यात, डोळे उघडे, छताकडे. मी त्याला हाक मारली, साधी, जशी रोज मारायचे तशी. हेरंब. तो हलला नाही.

माझ्या मागे काच वाजली. टक्.

मी वळले नाही. मग मला वाटलं की बाई, तू एम.ए. आहेस, वळ. वळले. शोकेस बंद, ट्रॉफ्या जागेवर, गोप्या जागेवर. वाफेचा गोल तेवढा नेहमीपेक्षा मोठा होता. मी परत हाक मारून बघायला हवी होती. त्याऐवजी मी भाजी आणायला खाली गेले, आणि भाजी घरात होती.

५

नोव्हेंबरची टूर ठरली. शुक्रवारचं निघणं. मी आईला म्हटलं, या वेळी तो दगड परत नेते. हे सगळं बोलताना मी स्वतःची थट्टाच करत होते, की मी काय अंधश्रद्धाळू नाही, पण नियम तो नियम, आणि सरांना शब्द दिलाय. खरं कारण मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की तो इथून गेला की हेरंब रडेल. एकदा रडला की प्रिती रडेल, आणि मग हे घर जागं होईल.

आई कुळीथ निवडत होती. कोकणातून येऊन पन्नास वर्षं झाली तरी तिचं बोलणं गावातच राहिलंय. तिने दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग ताट बाजूला ठेवलं.

"कोणाच्या कानात सांगलंस गो तू नाव?"

मी म्हटलं, बाळाच्या.

"मी बघलंय," आई म्हणाली. "मी पायथ्याशी उभी होतंय."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललीस. ती म्हणाली, पंचवीस बायकांसमोर? तिच्या पोराच्या बारशाला? तिला वाटलं होतं मी नंतर जाऊन सांगेन. मला वाटलं होतं मी सांगितलं. मला लाज वाटायला हवी होती. वाटायला हवं ते आजकाल मला आठवावं लागतं.

मी म्हटलं, आता सांगते, अजून काय बिघडलंय. उठून पाळण्याशी गेले, वाकले, या वेळी चष्मा लावून. त्याच्या कानाशी तोंड नेलं. कान गार होता, आतून सुद्धा. नाव माझ्या तोंडात होतं, पण ते बोलल्यावर, कसं सांगू, ते त्याच्याकडे गेलं नाही. भिंतीशी बोलल्यावर आपला श्वास आपल्याच तोंडावर येतो ना, तसं झालं.

मागून आई म्हणाली, "न्हेऊ नको त्येका. तो न्हेलास तर नाव पण जायत. मग प्रितीकडे काय रवतला?"

मी म्हटलं, आई, तो दगड आहे.

आईने ताट परत मांडीवर घेतलं. म्हणाली, "खंयचो?"

कुठला, असं विचारत होती ती.

६

गुरुवारी हाफ डे घेतला, बॅग भरायची होती. प्रिती परळच्या हॉस्पिटलमध्ये शेवटचे रिपोर्ट आणायला गेली होती, हेरंबला आईजवळ ठेवून. मी ठरवलं होतं, आईला न विचारता दगड बॅगेत तळाशी घालायचा, वर चादर.

लिफ्टमधून बाहेर पडले तेव्हा बाळ रडत होतं.

पॅसेजमध्ये आमच्याच दाराआडून आवाज येत होता. आंघोळीला रडतात तसं, चिडून, दम लागेपर्यंत, मधेच उचकी. मला कुलूप उघडेना, किल्ली बोटांना कळत नव्हती. मी हसत होते. आत पाऊल टाकता टाकता मी ओरडले, आई, रडला गो.

बाथरूममधून पाण्याचा आवाज आला. आई जुन्या पद्धतीने न्हाऊ घालते, पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला नडग्यांवर घेऊन. मी चपला काढल्या, पर्स ठेवली, हॉल ओलांडायला लागले.

हेरंब पाळण्यात होता.

उताणा, कोरडा, सकाळचंच झबलं. ओठ मिटलेले. डोळे उघडे. बाथरूममधलं रडणं चालूच होतं.

डक्ट, असं मी म्हटलं. या टॉवरच्या डक्टमधून वरच्या मजल्याचे आवाज खाली येतात, परवाच वरच्यांचं भांडण आम्ही पूर्ण ऐकलं होतं. विसाव्या मजल्यावर कोणाकडे लहान बाळ आहे ते मी आठवायला लागले. आठवत आठवत बाथरूमपर्यंत गेले. शोकेसची काच सरकवलेली होती, ट्रॉफ्यांच्या मध्ये रिकामी जागा, ती मी बघितली आणि पुढे गेले.

दार अर्धं उघडं होतं. वाफ. आईची पाठ माझ्याकडे, केस सुटलेले. नळावर कुंची वाळत टाकलेली, ओली. आई तांब्याने पाणी ओतत होती आणि काहीतरी पुटपुटत होती, आम्हाला न्हाऊ घालताना पुटपुटायची तेच. तिच्या गुडघ्यापलीकडे मला दोन टाचा दिसल्या. गुलाबी. त्या पाण्यावर आपटत होत्या.

एवढंच दिसलं. मी पुढे वाकले नाही.

"टॉवेल दी," आई म्हणाली.

मी टॉवेल दिला.

बाहेर किल्ली फिरली. प्रिती आली होती, हातात रिपोर्टचं पाकीट. तिला लिफ्टमध्येच ऐकू आलं होतं. दारात उभी राहून ती मला म्हणाली, अगदी हळू, "ताई, तो रडतोय?"

नऊ वर्षं आणि हे आठ महिने. तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत हललेला बघितला नव्हता. मी काहीही सांगू शकले असते. मी म्हटलं, "हो."

पाकीट खाली पडलं. ती धावत आली. पाळणा तिच्या वाटेत होता, तिने त्याची दोरी हाताने बाजूला केली आणि तशीच पुढे गेली. आई बाथरूमच्या दारात उभी होती, टॉवेलात गुंडाळलेलं छातीशी धरून. प्रितीने हात पुढे केले, आईने दिलं.

ती सोफ्यावर बसली, माझ्याकडे पाठ करून. म्हणाली, हेरंब. रडणं थांबलं. टॉवेलच्या कडेवरून एक ओलं डोकं तिच्या आवाजाकडे वळलं. मग प्रिती रडायला लागली, आणि दूध पिण्याचा आवाज यायला लागला. आईने खाली वाकून रिपोर्टचं पाकीट उचललं, शोकेसवर ठेवलं आणि आंघोळीची जागा पुसायला गेली.

मी उभी होते. फॅन चालू होता. मी पाळण्यात बघितलं नाही, पण तिथून माझ्याकडे बघणं चालू आहे हे कळत होतं.

बऱ्याच वेळाने प्रितीने डोळे पुसले. आवाज मोकळा झाला होता, पाहुणे आल्यावर असतो तसा.

"ताई, पाळण्यातलं ते जरा बाजूला ठेवता का? याला झोप आलीय."

मी उचललं. दोन्ही हात लावावे लागले. कुठे ठेवायचं ते तिने सांगितलं नव्हतं, म्हणून मी तशीच धरून उभी राहिले.